पाणमोटेचे बळ

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सिलतरा हे ठिकाण आहे. भातशेतीच्या ह्या मुलखात आज लोखंडाच्या कारखान्यांची मोठी वसाहत उभी आहे. तेथे खनिजापासून लोखंड होते, लोखंडाचे पोलाद होते आणि पोलादाच्या सळया होऊन देशभर बांधकामांवर जातात. सळई गिऱ्हाइकाकडे जाण्यापूर्वी तिचा एक तुकडा यंत्राच्या दोन जबड्यांत धरून तुटेपर्यंत ओढतात. ज्या सळईवर 500 हा आकडा कोरलेला असतो तिने दर चौरस मिलिमीटरला 500 न्यूटन, म्हणजे सुमारे 51 किलोंच्या वजनाइतका ताण कायमची न लांबता सोसला पाहिजे, असा दंडक आहे. वस्तू किती ताण सोसते आणि कोठे तुटते हे आधी मोजावे, मगच तिच्यावर भार टाकावा, हा त्या धंद्याचा नियम होय.

परंतु ह्याच कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांतून, आणि जगातील प्रत्येक वस्तीतून, एका फार पातळ वस्तूवर असा भार टाकला जातो की जिची परीक्षा आधी कोणालाच घेता येत नाही. ती वस्तू म्हणजे मातेच्या उदरात गर्भाला चहूकडून वेढणारे आवरण. मराठी बायकांनी त्याला फार नेमके नाव दिले आहे: पाणमोट. विहिरीतून पाणी काढण्याची चामड्याची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नाव समजावून सांगावे लागत नाही. चामड्याच्या पिशवीत पाणी धरलेले असते, ती ठरलेल्या जागी येते आणि रिकामी होते. मोट मध्येच फाटली तर पाणी पुन्हा विहिरीत पडते आणि सारे श्रम वाया जातात. पाणमोट वेळेवर फुटली की प्रसूती मार्गी लागते. अवेळी फुटली की गर्भ हातचा जातो. हा पातळ पडदा इतके महिने कशाच्या बळावर टिकतो, आणि कधी कधी का टिकत नाही, ह्या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत कर्तृत्व गाजविलेल्या एका शल्यविशारदाने लिहिले आहे.

ह्या आवरणाचे दोन पदर असतात. आतला, गर्भजलाला लागून असलेला, तो उल्ब. आणि बाहेरचा, गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेला, तो जरायु. हे शब्द आपल्याकडे फार जुने आहेत. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात सुखप्रसूतीची प्रार्थना आहे. दहा महिन्यांचा गर्भ आपल्या जरायूसह सहज खाली यावा, अशी इच्छा तीत व्यक्त केली आहे. पुढे प्राण्यांचे वर्गीकरण करताना अंड्यातून होणारे ते अंडज आणि आवरणात वाढून जन्मणारे ते जरायुज, अशी विभागणी शास्त्रकारांनी केली. मनुष्याची ओळखच त्यांनी ह्या पडद्यावरून ठरविली, असे म्हणावयास हरकत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूती जवळ आल्याची लक्षणे सांगताना कळा सुरू होणे आणि गर्भोदक वाहू लागणे ही एकापाठोपाठ नोंदविली आहेत. गर्भ जाण्याचे दोन प्रकारही आयुर्वेदाने वेगळे मानले होते. चौथ्या महिन्यापर्यंत जातो तो गर्भस्राव, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यांत, शरीर घट्ट झाल्यावर जातो तो गर्भपात. नुसत्या निरीक्षणाने केलेला हा भेद किती महत्त्वाचा होता, हे पुढे दिसून येईल.

हा जुना वारसा आधुनिक वैद्यकासमोर मांडण्याचा प्रयत्न एका मराठी स्त्रीनेही केला. आनंदीबाई जोशी ह्यांनी 1886 साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन आर्यांचे प्रसूतिशास्त्र हा होता. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेल्या ह्या मातेने तोच विषय निवडावा, ह्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. मायदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, 1887 च्या फेब्रुवारीत, त्या निवर्तल्या आणि ते काम तेथेच थांबले.

युरोपातही ह्या पडद्याविषयी दीर्घकाळ शास्त्रापेक्षा श्रद्धाच अधिक होती. क्वचित एखादे मूल डोक्यावर उल्बाचा तुकडा घेऊन जन्मते. असा तुकडा जवळ बाळगणारा पाण्यात बुडत नाही, अशी इंग्लंडात समजूत होती आणि दर्यावर्दी लोक तो विकत घेत. डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ ह्या कादंबरीचा नायक असेच आवरण घेऊन जन्मतो, आणि ते विकण्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली जाते, हे त्या कादंबरीच्या वाचकांस आठवत असेल. वैद्यांच्या दृष्टीने मात्र हा पडदा म्हणजे फोडावयाची एक वस्तू होती. श्रोणी अरुंद असलेल्या स्त्रीची प्रसूती लवकर व्हावी म्हणून आवरण मुद्दाम फोडण्याचा उपाय अठराव्या शतकात लंडनमध्ये रूढ झाला. टॉमस डेन्मन ह्यांनी त्याचा पुरस्कार केला. पडदा फोडला की काही वेळाने कळा येतात, एवढे त्यांस ठाऊक होते. त्याचे बळ किती, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विचारला गेला, आणि तोही वेगळ्याच हेतूने. प्रसूतीच्या वेळी गर्भाशय किती जोर लावतो, हे वैद्यांना जाणून घ्यावयाचे होते. परंतु जिवंत स्त्रीच्या शरीरात तो जोर मोजावयाचा कसा? म्यूनिकच्या पोपेल ह्यांनी 1863 साली एक युक्ती काढली. प्रसूतीनंतर वारेबरोबर बाहेर पडलेले आवरण घेऊन ते किती दाबाला फुटते हे त्यांनी पाहिले. एडिंबरोचे प्रसिद्ध प्रसूतितज्ज्ञ जेम्स मॅथ्यूज डंकन ह्यांनी तीच वाट पुढे चालविली, आणि गणिताच्या कामी त्यांना पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट ह्यांचे साहाय्य लाभले. प्रसूतिद्वार पूर्ण उघडल्यावर जेवढी रुंदी होते तेवढ्या, म्हणजे साडेचार इंच व्यासाच्या कड्यावर डंकन पडदा ताणून बसवीत आणि तो फुटेपर्यंत पाण्याचा दाब वाढवीत. सर्वांत दुबळा पडदा सुमारे 4 पौंडांच्या जोराने फुटला, तर सर्वांत चिवट पडद्याने 37 पौंडांपर्यंत तग धरला. सरासरी साधारण 17 पौंडांच्या आसपास आली. सुलभ प्रसूतीत पडदा फोडण्याइतक्याच जोरावर मूलही बाहेर येते, तेव्हा निसर्गाला निदान इतका जोर पुरतो, असा डंकन ह्यांचा युक्तिवाद होता.

डब्लिनचे सॅम्युअल हॉटन ह्यांनी मात्र स्नायूंच्या जाडीवरून गणित मांडून हा जोर 500 पौंडांहून अधिक भरतो असे प्रतिपादिले. फाशी देताना कैद्याचा प्राण तत्काळ जावा म्हणून दोराची लांबी किती असावी, ह्याचे गणित करणारे हॉटन ते हेच. इतका जोर खरोखरच लागला असता तर मूल आणि माता दोघेही सुखरूप राहिले नसते, हे प्रत्यक्ष प्रसूती करणाऱ्या डंकन ह्यांना उमगले होते आणि त्यांनी हॉटन ह्यांस ठाम विरोध केला. ह्या वादात आवरणाचा उपयोग तराजूसारखा झाला. पण त्यातून एक गोष्ट अनायासे हाती लागली. निरोगी मातांची आवरणेही बळाच्या बाबतीत सारखी नसतात. एकीचा पडदा दुसरीच्या पडद्यापेक्षा आठ-नऊ पट चिवट असू शकतो. मग दुबळा पडदा असलेल्या बहुतेक मातांचे दिवस कसे भरतात?

ह्याचे उत्तर साध्या गणितात दडलेले आहे. रोस्टॉकच्या शाट्झ ह्यांनी 1872 साली गर्भाशयात लहान फुगा ठेवून आतील दाब प्रत्यक्ष मोजला, आणि 1950 च्या सुमारास मॉन्टेव्हिडिओ येथे आल्वारेझ व काल्डेरो-बार्सिया ह्यांनी बारीक नळीच्या साहाय्याने ही मापे अधिक अचूक केली. ऐन कळेच्या वेळी हा दाब पाऱ्याच्या सुमारे 60 मिलिमीटर उंचीइतका असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 80 ग्रॅमांपेक्षा थोडा अधिक. गर्भाशयाचे मुख 10 सेंटिमीटर उघडले असेल तर तेवढ्या उघड्या पडद्यावर साडेसहा किलोंच्या आसपास भार येतो. हा भार डंकन ह्यांच्या प्रयोगांतील सरासरीच्या जवळपास जातो, आणि म्हणूनच पाणमोट प्रसूतीच्या वेळी फुटते. पण मुख केवळ 1 सेंटिमीटर उघडे असेल तर त्याच दाबाने पडद्यावर 65 ग्रॅमही भार येत नाही. रुंदी दहापट कमी झाली की एकूण भार शंभरपट कमी होतो आणि कडेच्या प्रत्येक सेंटिमीटरवरचा ताण दहापट कमी होतो. बाकी सर्व बाजूंनी गर्भाशयाची जाड भिंत पडद्याला आधार देत असते. सायकलच्या चाकातील रबरी नळी हवेचा दाब सोसते ती बाहेरच्या जाड टायरच्या बळावर. टायरला चीर पडली की नळी तेथेच फुगते आणि फुटते. पाणमोटेचीही तीच गत आहे. तिचे बळ पडद्याइतकेच दाराच्या रुंदीवर अवलंबून असते.

हे गणित कागदावर सोपे दिसते. परंतु ज्या स्त्रियांच्या बाबतीत हे दार वेळेआधीच सैल होई त्यांची कहाणी मोठी दुःखद होती. पहिले दिवस नीट जात. ओकाऱ्या थांबत, पोट दिसू लागे, मूल हालू लागे. आणि मग चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान, फारशा वेणा न होता, पाणमोट खाली उतरून फुटे आणि जिवंत पण जगण्यास असमर्थ असा गर्भ बाहेर पडे. पुढच्या खेपेस पुन्हा तेच. एकीच्या वाट्याला हे चार वेळा येई, दुसरीच्या वाट्याला त्याहूनही अधिक वेळा. घरात तिच्या पायगुणाची चर्चा होई, नवस बोलले जात, गंडेदोरे बांधले जात, आणि कित्येकदा नवऱ्याचे दुसरे लग्नही ठरे. वैद्यकाकडेही सांगण्यासारखे फार नव्हते. विश्रांती घ्या, ग्रंथिरसाची औषधे घ्या, एवढाच उपदेश होता. दोष रक्तात असेल, गर्भात असेल किंवा पडद्यात असेल, असे तर्क चालत. 1950 साली शिकागोच्या लॅश आडनावाच्या दोघा डॉक्टरांनी ह्या दुखण्याचे मूळ गर्भाशयमुखाच्या आतील कड्याच्या दुबळेपणात असल्याचे दाखविले. परंतु त्यांची शस्त्रक्रिया गर्भ नसताना करावयाची होती, आणि कित्येकींना ती केल्यावर पुन्हा दिवस जाणेच कठीण होई.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात ह्या प्रश्नाचा विचार करणारे प्राध्यापक म्हणजे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. त्यांचा जन्म 27 एप्रिल 1899 रोजी गोव्यातील शिरोडा येथे झाला. आडनाव गावावरूनच आले आहे. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. 1927 साली एम.डी. आणि 1931 साली इंग्लंडातील एफ.आर.सी.एस. ह्या पदव्या त्यांनी मिळविल्या, आणि 1940 पासून 1955 पर्यंत ते आपल्याच महाविद्यालयात प्रसूतिशास्त्राचे व स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक होते. शस्त्रक्रियेतील त्यांची कल्पकता पुढे जगभर वाखाणली गेली. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांकडे पाहताना त्यांनी काही गोष्टी बारकाईने टिपल्या. ह्या स्त्रियांचा गर्भ सुदृढ असतो. कळा आधी येत नाहीत. मुख आधी उघडते, मग पडदा त्यातून खाली फुगतो, आणि कळा सर्वांत शेवटी येतात. म्हणजे दोष गर्भात नाही, रक्तात नाही, आणि बहुधा पडद्यातही नाही. दोष दारात आहे. मग दार बंद करावे; आणि गर्भ पोटात असतानाच बंद करावे.

गर्भवती स्त्रीच्या गर्भाशयमुखाला हात लावणे हेच त्या काळी धाडस होते. शिरोडकरांनी ते केले. योनिमार्गाच्या पुढच्या भिंतीला छेद देऊन ते मूत्राशय हळूच वर सारीत, आणि गर्भाशयमुखाच्या आतील कड्याच्या पातळीवर, कातडीखालून, एक पट्टी चहूबाजूंनी फिरवून आवळीत. ही पट्टी बाहेरून आणलेली नसे. त्याच स्त्रीच्या मांडीवरील स्नायूंना वेढणाऱ्या चिवट आवरणाची ती एक चिंधोटी असे. एका पडद्याचे रक्षण करण्यासाठी त्याच शरीरातील दुसरे, अधिक बळकट आवरण कामी लावण्याची ही कल्पना होती. 1955 साली मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ ह्या मासिकात त्यांनी ही नवी पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी निवडलेल्या 30 स्त्रिया अशा होत्या की प्रत्येकीचे पूर्वी निदान चार गर्भपात झाले होते. ज्यांना सर्वांनी नाही म्हटले होते अशाच बायका त्यांनी हाती घेतल्या होत्या, हे त्यावरून दिसते. जिच्या मनगटावर आजवर नुसता दोरा बांधला गेला होता, तिच्यासाठी बंध कोठे बांधावा हे ह्या शस्त्रक्रियेने दाखवून दिले.

हिंदुस्थानातील एका मासिकात आलेली ही पद्धत थोड्याच वर्षांत जगभर पसरली. मेलबर्नच्या इयान मॅक्डोनल्ड ह्यांनी 1957 साली तिचे सोपे रूप मांडले. मूत्राशय न सारता, गर्भाशयमुखाभोवती टाके घालीत जावयाचे आणि शेवटी दोन्ही टोके आवळून गाठ मारावयाची, अशी ही रीत आहे. आजीच्या बटव्याचे तोंड नाडी ओढून बंद करतात, तसाच हा प्रकार होय. आज पुष्कळ ठिकाणी मॅक्डोनल्ड ह्यांची रीत वापरतात, कारण ती सोपी आहे. परंतु टाका अधिक उंचावर, आतील कड्याजवळ घालावयाचा झाल्यास शिरोडकरांची रीत आजही योजतात. मांडीच्या आवरणाच्या जागी पुढे कृत्रिम धाग्याची फीत आली. दिवस भरत आले, म्हणजे साधारण सदतिसाव्या आठवड्यात, टाका काढावयाचा आणि पाणमोटेला तिचे काम करू द्यावयाचे, हा क्रम कायम आहे. वैद्यकाच्या इंग्रजी ग्रंथांतून ‘शिरोडकर टाका’ हे नाव रूढ झाले. एका कोकणी खेड्याचे नाव अशा रीतीने देशोदेशींच्या प्रसूतिगृहांत पोहोचले. शिरोडकरांना 1960 साली पद्मभूषण आणि 1971 साली पद्मविभूषण हे किताब मिळाले. 7 मार्च 1971 रोजी त्यांचे निधन झाले.

यशस्वी उपायाच्या वाट्याला येणारे संकट ह्याही उपायाच्या वाट्याला आले. तो जेथे हवा तेथे वापरला गेला, आणि जेथे नको तेथेही वापरला गेला. एखादा गर्भपात झाला की पुढच्या खेपेस टाका घालावा, अशी प्रथा कित्येक ठिकाणी पडली. त्याची कसोटी घेण्यासाठी ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन मंडळ आणि प्रसूतितज्ज्ञांचे रॉयल कॉलेज ह्यांनी 12 देशांतील 1292 स्त्रियांवर मोठी पाहणी केली. तिचे निष्कर्ष 1993 साली प्रसिद्ध झाले. डॉक्टरांना टाक्याची गरज आहे की नाही अशी शंका होती, अशाच स्त्रिया तीत घेतल्या होत्या. टाका घातलेल्यांपैकी शेकडा 13 स्त्रिया तेहतीस आठवड्यांच्या आत प्रसूत झाल्या, तर टाका न घातलेल्यांपैकी शेकडा 17. म्हणजे अशा पंचवीस स्त्रियांना टाका घातला तर एकीला त्याचा लाभ होतो. हा लाभ खरा होता, पण बहुतेकींना टाक्याची गरज नव्हती, हेही तितकेच खरे ठरले. शिरोडकरांनी मूळ निवड किती कठोर केली होती, त्याचे महत्त्व ह्या पाहणीने ध्यानात आले. आज ध्वनिलहरींच्या यंत्राने गर्भाशयमुखाची लांबी मोजता येते. पूर्वी अकाली प्रसूती झालेल्या स्त्रीच्या मुखाची लांबी चोविसाव्या आठवड्याच्या आत 25 मिलिमीटरांपेक्षा कमी भरली तर टाक्याचा विचार करतात. दार उघडण्याची वाट न पाहता ते सैल होत आहे हे आधीच कळण्याची ही सोय शिरोडकरांच्या काळी नव्हती.

परंतु दार घट्ट असूनही पाणमोट फुटल्याची उदाहरणे उरतातच. ती समजण्यासाठी पुन्हा पडद्याकडेच वळावे लागते. लंडनच्या गॉर्डन बोर्न ह्यांनी 1960 च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली उल्बाचे पाच थर ओळखले. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. म्हणूनच पडदा फुटताना मातेला त्याची वेदना होत नाही. ह्या पाच थरांपैकी एक दाट थर कोलॅजनच्या तंतूंनी विणलेला आहे. हाडांच्या सांध्यांना बांधून ठेवणारे बंध ज्या द्रव्याचे असतात तेच हे द्रव्य. उल्ब जरायूपेक्षा पातळ असूनही अधिक बळकट असतो, तो ह्या विणीमुळे. पुढे 1970 च्या दशकात ह्या पडद्यावर ताणाचे पद्धतशीर प्रयोग झाले. हा पडदा पोलादाच्या सळईसारखा वागत नाही, असे त्यांतून दिसून आले. ताण तोच ठेवला तरी तो हळूहळू लांबत जातो, आणि लांबताना पातळ होतो. क्षणभराचा मोठा दाब तो सोसतो. सतत खाली लोंबत राहिला तर थोडक्या भारानेही थकतो. उघड्या दारात आठवडेच्या आठवडे फुगून राहिलेल्या पाणमोटेचे काय होत असेल, त्याचे स्पष्टीकरण येथे मिळते.

ह्याहून महत्त्वाचा शोध पुढे लागला. लेस्टरच्या मलक आणि बेल ह्यांनी 1994 साली दाखविले की, गर्भाशयमुखावर येणारा पडद्याचा भाग उरलेल्या पडद्यासारखा नसतो. तेथील वीण सैल झालेली असते. क्लीव्हलंड येथील संशोधकांनी 2005 साली मोजून पाहिले, तेव्हा कळा सुरू होण्यापूर्वीच ह्या भागाचे बळ इतर भागाच्या निम्म्याच्या आसपास आलेले आढळले. म्हणजे पाणमोट अपघाताने फुटत नाही. दिवस भरत आले की शरीरातील पाचक द्रव्ये त्या एका जागची वीण आपण होऊन उसवू लागतात, जेणेकरून फुटावयाचे तेव्हा ते दारापाशीच फुटावे. फुटणे हेही पडद्याच्या कामाचाच भाग आहे. जंतूंचा संसर्ग झाला तर हेच उसवणे अवेळी सुरू होते, आणि तेथे कितीही घट्ट टाका उपयोगी पडत नाही. उलट तो काढून टाकावा लागतो. दिवस भरण्यापूर्वी पाणमोट फुटण्याचा प्रसंग शंभर गर्भवतींपैकी सुमारे तिघींवर येतो, आणि अकाली होणाऱ्या जन्मांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जन्मांमागे हेच कारण असते. दार आणि पडदा ह्या दोहोंचा विचार एकत्र केल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही, हे आज सर्वमान्य झाले आहे.

प्रसूतीनंतर वारेबरोबर हा पडदाही पुरून टाकण्याची आपल्याकडे रीत होती. त्याचे बळ मात्र तेव्हाही संपलेले नसते. भाजलेल्या जखमेवर तो ताजा पडदा लावला तर जखम ओली राहते, वेदना कमी होते आणि खाली नवी कातडी येऊ लागते, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच अमेरिकेत ध्यानात आले होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 साली ऊतींची पेढी स्थापन झाली. तेथे मातांनी दिलेली उल्बे स्वच्छ करून, वाळवून, किरणोत्साराने निर्जंतुक करून ठेवतात. तुर्भ्याला 1974 सालापासून ह्या कामासाठी आयसोमेड हे केंद्र आहे. किरणांची मात्रा जंतू मरतील इतकी असावी, पण तंतूंची वीण तुटेल इतकी नसावी, हा तेथील हिशेब आहे. जे आवरण एका जीवाला नऊ महिने सांभाळते ते पुढे दुसऱ्या एखाद्या भाजलेल्या माणसाची काही दिवसांची कातडी होते.

ह्या सर्व ज्ञानाचा उपयोग शेवटी सिलतऱ्यासारख्या ठिकाणी व्हावयाचा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी घरांशी नाते असलेल्या ह्या छत्तीसगडात 2002 साली मितानीन योजना सुरू झाली. मितानीन म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. गावातलीच एक बाई शिकून गर्भवतीच्या घरी जाते, आणि पाणी गेल्यास कळांची वाट न पाहता दवाखान्यात जावे, पूर्वी मधल्या महिन्यांत गर्भ गेला असेल तर ते डॉक्टरांना आरंभीच सांगावे, असे तिला बजावते. ह्या योजनेच्या अनुभवाचा लाभ घेऊनच 2005 नंतर देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. शिरोडकरांचा टाका मोठ्या रुग्णालयात घातला जातो. पण तो कोणाला घालावयाचा हे बहुधा अशा बाईने विचारलेल्या एका साध्या प्रश्नावरून ठरते: बाई, मागच्या खेपेस कितव्या महिन्यात गेले, आणि कळा आधी आल्या की पाणी?

चरकाने नोंदविलेला क्रम आणि माधवनिदानाने केलेला महिन्यांचा भेद ह्या प्रश्नात आजही तसाच आहे. कारखान्यातील सळईची परीक्षा ती तोडून घेता येते, कारण एक तुकडा तुटला तरी बाकीची सळई हाती असते. पाणमोटेची अशी परीक्षा घेता येत नाही. तिचे बळ मोजावयाचे ते त्या स्त्रीच्या मागच्या अनुभवावरून. आणि तो अनुभव तिला दोष न देता शांतपणे ऐकून घेणारे माणूस भेटले, तर पुढची खेप राखता येण्याची आशा धरता येते.